महिन्याचं इंजेक्शन आणि मागे राहणारी गाठ

१९५२ साली पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकर यांनी मनोविकारांवर क्लोरप्रोमाझिन वापरलं आणि स्किझोफ्रेनियाला, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या मनोविकाराला, पहिल्यांदा परिणामकारक औषध मिळालं. अडचण पुढे आली. घरी गेलेला रुग्ण काही महिन्यांत गोळ्या सोडायचा. आपण आजारी आहोत हेच अनेकांना पटत नाही, आणि ते आजाराचंच लक्षण असतं. भास परत यायचे, रुग्ण पुन्हा वॉर्डात.

यावर उतारा म्हणून १९६६ मध्ये फ्लुफेनाझिन एनान्थेट हे बरेच दिवस पुरणारं इंजेक्शन आलं आणि पाठोपाठ फ्लुफेनाझिन डेकॅनोएट. औषधाच्या रेणूला फॅटी अ‍ॅसिड जोडायचं, ते तिळाच्या तेलात विरघळवायचं आणि कुल्ल्याच्या स्नायूत खोलवर सोडायचं. तेलाच्या साठ्यातून औषध थेंबाथेंबाने बाहेर येतं, शरीरातली एन्झाइम्स ती जोड तोडतात, आणि दोन ते चार आठवडे रोजच्या गोळीची गरज उरत नाही.

इंजेक्शनच्या जागेचा त्रास या तेलाबरोबरच आला. तेल दाट, म्हणून सुई जाड लागते. सुई आणि सिरिंज कोरडी ठणठणीत हवी, नाहीतर औषध गढूळ होतं. तेलाचा साठा स्नायूला परका वाटतो, तिथे दाह होतो. जागा दुखते, लाल होते, सुजते. कधी औषध सुईच्या वाटेने बाहेर झिरपतं, कधी आठवडेच्या आठवडे टणक गाठ राहते, क्वचित गळूही होतं. वर्षानुवर्षं एकाच बाजूला टोचलं तर स्नायू निबर होतो. नंतर हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट या तशाच तेलातल्या औषधाची दुप्पट तीव्रतेची कुपी मिळू लागली. १ मिलीमध्ये ५० ऐवजी १०० मिलिग्रॅम औषध, म्हणजे टोचायचं तेल निम्मं, म्हणून त्रासही कमी होईल असं वाटलं होतं. पण १९९०च्या सुमारास त्या तीव्र द्रावणानेच जास्त गाठी होत असल्याचे अनुभव नोंदले गेले. फ्लुपेंटिक्सॉल या अशाच आणखी एका औषधासाठी नारळापासून काढलेलं पातळ तेल वापरलं जातं.

वैद्यकीय नोंदींत या त्रासाला बहुतेक वेळा ‘सौम्य, स्थानिक’ एवढीच जागा मिळाली, आणि हा मला अन्याय वाटतो. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे या भीतीत जगणाऱ्या माणसाच्या अंगात टोचल्यानंतर गाठ उरते, तेव्हा ती त्याला किती भयंकर वाटू शकते! तो पुढच्या तारखेला आला नाही, तर त्याला ‘असहकार करणारा’ म्हणून मोकळं होता येत नाही.

याबाबतीत खरं शहाणपण नर्सेसच्या हातात साठत गेलं. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात मानसोपचाराच्या सामुदायिक नर्सेस घरोघरी आणि खास क्लिनिकांत ही इंजेक्शनं देत. ‘झेड-ट्रॅक’ पद्धत त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झाली: कातडी एका बाजूला ओढून धरायची, औषध सावकाश सोडायचं, थोडं थांबून सुई काढायची आणि मगच कातडी सोडायची. सुईची वाट वाकडी होते आणि तेल आत कोंडलं जातं. नंतर चोळायचं नाही. आपल्याकडे इंजेक्शन झालं की जागा चोळायची सवय घराघरांत आहे. या इंजेक्शनला ती चालत नाही.

सुईची लांबी हाही जुना दुर्लक्षित प्रश्न. १९८२ मध्ये सीटी स्कॅनच्या आधारे झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की कुल्ल्यात दिलेली बहुतेक इंजेक्शनं, विशेषतः स्त्रियांमध्ये, स्नायूपर्यंत न पोचता चरबीतच राहत असावीत. यातल्या बऱ्याच औषधांनी वजन वाढतं, म्हणजे आधी पुरलेली सुई पुढे अपुरी पडू शकते.

तेलाला पर्याय २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. रिस्पेरिडोन या औषधाचे सूक्ष्म गोल कण, विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यासारख्याच पॉलिमरचे, पाण्यासारख्या द्रवात मिसळून द्यायचे. कुपी फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि पहिले तीन आठवडे गोळ्याही चालू ठेवाव्या लागतात. २००९ मध्ये पॅलिपेरिडोन पाल्मिटेट आलं, तेही पाण्यात मिसळलेलं. सुरुवातीचे दोन डोस दंडात, त्यामुळे त्या वेळी तरी कपडे उतरवण्याचा संकोच टळला. पुढे याच औषधाचं तीन महिन्यांचं आणि २०२१ मध्ये सहा महिन्यांचं इंजेक्शन निघालं. सहा महिन्यांचं मात्र ३.५ ते ५ मिली भरतं, ते कुल्ल्यातच द्यावं लागतं. पोटाच्या कातडीखाली द्यायचं रिस्पेरिडोन २०१८चं. त्यात गाठ हाच औषधाचा साठा असतो, ती काही आठवड्यांत हळूहळू लहान होते.

भारतात फ्लुफेनाझिनचं तेलातलं इंजेक्शन स्वस्त असल्याने आजही सरकारी उपचारांत टिकून आहे. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आपल्याकडे अजून रोजचा आहे. मागच्या वेळी डावी बाजू होती की उजवी हे कार्डावर लिहून ठेवावं आणि नवं टोचण्याआधी जुनी जागा बोटांनी चाचपून पाहावी. जागा गरम लागली, लाली पसरत गेली, पू दिसला किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं.