इंजेक्शनांनी बीजं संपत नाहीत

गोव्यात डिचोली, फोंड्याकडे अजून सांगतात की आयव्हीएफची (टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचाराची) इंजेक्शनं घेतली की बाईची सगळी बीजं एकदम संपतात आणि पाळी लवकर जाते. हे खरं नाही, आणि या भीतीपायी मुली वर्षं घालवतात ते बघून जीव तुटतो. होतं काय, की दर महिन्याला अंडाशयात बरीच बीजं वाढायला लागतात, त्यातलं साधारण एकच पिकतं आणि बाकीची तशीही वाया जातात, इंजेक्शनं त्या वाया जाणाऱ्यांनाच वाढवतात, पुढच्या साठ्याला हात लागत नाही. साधारण 10-12 दिवस घ्यायची, मधे मधे सोनोग्राफी, पोट फुगल्यासारखं वाटतं, पण खूप दुखलं किंवा दम लागला तर लगेच डॉक्टरना कळवा.

आणि सुरुवात थेट इंजेक्शनांनी होत नाही हो, आधी एएमएच (बीजांचा साठा किती ते सांगणारी रक्ततपासणी), थायरॉइड, गर्भाशयाच्या नळ्यांची तपासणी, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी, ती तर अगदी सुरुवातीलाच करून घ्या. बाईचं वय 35च्या पुढे असेल तर 6 महिने प्रयत्न करून डॉक्टरकडे जायचंच, वर्षभर थांबू नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात) 2023पासून आयव्हीएफ मोफत सुरू झालंय.