जुनं हार्ड डिस्क कंट्रोलर कार्ड: एवढे जंपर आले कुठून

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या जुन्या वर्कशॉपच्या माळ्यावर नाहीतर निपाणी-खानापूरकडच्या पतसंस्थेच्या अडगळीत अजून एखादा एटी किंवा ३८६ (जुने पीसी) निघतो, आत जुनी ड्रॉइंग असतात, खात्यांचे आकडे असतात, आणि मग झाकण काढून कुणीतरी विचारतं की हे कार्ड कसलं आणि जंपर (पिनांवर बसवून सेटिंग ठरवायच्या छोट्या टोप्या) कुठं लावायचे. हे म्हणजे हार्ड डिस्क चालवणारं कंट्रोलर कार्ड. नुसतं जंपरचं टेबल देऊन भागत नाही बघा, ते जंपर तिथं का आले हे कळलं की निम्मं काम होतं, म्हणून जरा मागं जाऊया.

अॅलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांनी १९७९ मध्ये शुगार्ट टेक्नॉलॉजी काढली, तीच पुढं सीगेट झाली. १९८० मध्ये त्यांची एसटी-५०६ आली, सव्वापाच इंची, ५ एमबी, आणि पाठोपाठ १० एमबीची एसटी-४१२. या डिस्कला स्वतःची अक्कल जवळजवळ नव्हतीच. प्लॅटरवरचे (आतल्या फिरत्या तबकडीवरचे) पल्स ती तसेच वायरवर सोडायची, त्यातला बिट कुठला, सेक्टर कुठं सुरू होतो हे सगळं कार्ड ठरवायचं, सेक्टरच्या खुणासुद्धा कार्डच लिहायचं आणि प्रत्येक कंपनीची लिहायची रीत वेगळी. म्हणून कार्ड जळालं आणि दुसऱ्या कंपनीचं लावलं तर डिस्क ठणठणीत असूनही बहुतेक वेळा वाचता येत नाही. कार्ड आणि डिस्क ही जोडी आहे, ती फोडू नका, हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमनं पीसी-एक्सटी काढला, त्यात १० एमबी डिस्क आणि झेबेकचं कंट्रोलर. मदरबोर्डच्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) हार्ड डिस्क म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्यामुळं कार्डावरच रॉम (कायमचा प्रोग्राम असलेली चिप) बसवला, मेमरीतला पत्ता सी८००, आणि कुठली डिस्क जोडलीय हे सांगायला कार्डावर स्विच नाहीतर जंपर. कार्डाशी बोलायचा पत्ता म्हणजे पोर्ट ३२०, प्रोसेसरला हाक मारायची लाइन म्हणजे आयआरक्यू ५, मेमरीत थेट डेटा टाकायचा चॅनल म्हणजे डीएमए ३. बऱ्याच एक्सटी कार्डांवर डॉसच्या डिबग प्रोग्राममध्ये जी=सी८००:५ मारलं की फॉरमॅट सुरू व्हायचा तो अशाच रॉममधून. जुन्या पुस्तकात ही कमांड दिसते म्हणून लगेच मारू नका, डेटा साफ होतो.

आयबीएमच्या ऑगस्ट १९८४ च्या एटीमध्ये चित्र बदललं. १६ बिटचं वेस्टर्न डिजिटलचं कार्ड, पोर्ट १एफ० ते १एफ७, आयआरक्यू १४, आणि डिस्कची माहिती मदरबोर्डवरच्या सीमॉसमध्ये (बॅटरीवर टिकणाऱ्या छोट्या मेमरीत) टाइप नंबर म्हणून. कार्डावरचा रॉम गेला, बरेच जंपर गेले, पण सगळा भार बॅटरीवर आला. बॅटरी उतरली की टाइप नंबर जातो आणि मशीन म्हणतं डिस्कच नाही, आणि लोक बिचारे डिस्क मेली समजून भंगारात देतात! आपल्याकडं बेळगाव-खानापूर पट्ट्यात बंद खोलीत चार पावसाळे काढलेलं मशीन असेल तर आधी बोर्डावरची ती बॅरलसारखी निकेल-कॅडमियम बॅटरी बघा, फुटून हिरवं पसरलेलं असतं, ते ट्रॅक खातं.

मधेच आरएलएल आलं, म्हणजे डिस्कवर बिट लिहायची जास्त दाट पद्धत (एन्कोडिंग). आधीच्या एमएफएम पद्धतीत एका ट्रॅकवर १७ सेक्टर, आरएलएलमध्ये २६. सीगेटच्या एसटी-२२५ आणि एसटी-२३८आर दोन्हींत ६१५ सिलिंडर आणि ४ हेड, तरी पहिली २० एमबीची आणि दुसरी ३० ची, फरक एन्कोडिंगचा. त्यामुळं कार्ड एमएफएम की आरएलएल हे आधी ठरवावं लागतं. वेस्टर्न डिजिटलच्या नंबरात बरंच कळतं, डब्ल्यूएक्स असेल तर एक्सटीचं, डब्ल्यूए असेल तर एटीचं, डब्ल्यूडी१००२-२७एक्स मधला २७ म्हणजे आरएलएल. नंबर पुसला असेल तर कार्डावर छापलेला एफसीसी आयडी (अमेरिकी मंजुरीचा नंबर) शोधा, त्याच्या पहिल्या तीन अक्षरांवरून कंपनी निघते.

आता कार्ड हातात घ्या. एक ३४ पिनांचा कनेक्टर आणि शेजारी २० पिनांचे दोन छोटे दिसले तर हेच एसटी-५०६ चं कुटुंब. ईएसडीआय या नंतरच्या वेगळ्या पद्धतीचे कनेक्टरपण दिसायला असेच असतात, म्हणून डिस्कचा मॉडेल नंबर वाचल्याशिवाय करंट देऊ नका. ३४ ची केबल फ्लॉपीच्या केबलसारखीच दिसते पण पीळ वेगळ्या जागी असतो, फ्लॉपीत १० ते १६ नंबरच्या वायरा उलटलेल्या, हार्ड डिस्कमध्ये २५ ते २९. वायरा मोजायला मिनिट लागतं, अदलाबदल झाली तर मात्र तासन्‌तास डोकं खाजवत बसाल. पिळाची केबल असेल तर दोन्ही डिस्कचं ड्राइव्ह सिलेक्ट (डिस्कचा नंबर ठरवणारा जंपर) दुसऱ्या नंबरवरच ठेवायचं, कुठली पहिली ते पीळ ठरवतो, आणि टर्मिनेटर (सिग्नल परत उलटू नये म्हणून लावायचा रेझिस्टर पॅक) फक्त केबलच्या टोकाच्या डिस्कवर.

एकच ४० पिनी कनेक्टर असेल तर ते आयडीई, म्हणजे कंट्रोलर डिस्कवरच असलेली पद्धत. १९८६ च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटलनं कंट्रोलर उचलून डिस्कवरच बसवला, आणि फिनिस कॉनर यांची नवी कंपनी कॉम्पॅकसाठी तशा डिस्क बनवायला लागली. पोर्ट तेच १एफ०, आयआरक्यू तोच १४, त्यामुळं एटीच्या बायोसला फरकच कळला नाही. तिथून पुढं कार्डाचं काम नुसतं सिग्नल इकडून तिकडं द्यायचं राहिलं. त्या कार्डावर फ्लॉपी, सिरियल, प्रिंटर सगळं एकत्र यायला लागलं आणि जंपर उरले ते बहुतेक पोर्ट चालू-बंद करायचे. असं कार्ड मेलं तर दुसरं कुठलंही आयडीई कार्ड लावून डेटा काढता येतो. जुन्या जोडीला ती सोय नाही, तिथं डेटा काढायला कुणाकडं द्यायची वेळ आली तर डिस्क, कार्ड, केबल आणि जंपर जसे होते तसे काढलेला फोटो, सगळं एकत्र द्या.