खाऱ्या पाण्याची टाकी: मासे सगळ्यात शेवटी

समुद्रातल्या माशाच्या अंगातून पाणी सतत बाहेर झिरपत असतं. त्याच्या रक्तातला खारटपणा भोवतालच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतो, त्यामुळे परासरणाने कल्ल्यांवाटे पाणी निघून जातं. ही तूट भरायला मासा समुद्राचं पाणी पितो आणि त्याबरोबर पोटात गेलेलं मीठ कल्ल्यांमधल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातल्या माशाचं नेमकं उलट: त्याच्या अंगात पाणी शिरत राहतं आणि तो ते लघवीवाटे काढून टाकतो. टाकीतला खारटपणा वरखाली झाला की या यंत्रणेवर ताण येतो. खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय करायचं म्हणजे मुख्यतः पाणी सांभाळायचं, ते यासाठी.

नवशिके सहसा लहान टाकी घेतात, खर्च आणि कटकट कमी म्हणून. खर्चाचं खरं, कटकटीचं नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत १४०० ग्रॅम. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. दोन लिटर पाणी उडालं की तेच १४०० ग्रॅम ३८ लिटरांत उरतात आणि खारटपणा लिटरमागे ३७ ग्रॅमच्या जवळ जातो. २०० लिटरच्या टाकीतून तेवढंच पाणी उडालं तर आकडा जेमतेम ३५.४ होतो. मोठ्या टाकीचा पृष्ठभाग मोठा, तिथून पाणी जास्त उडेल हे मान्य; पण ती खोलही असते, त्यामुळे पारडं तिच्याच बाजूने झुकतं. तापमान आणि घाण यांचंही तसंच. जागा असेल तर ८० ते १०० लिटरने सुरुवात करावी, असं माझं मत. लहानच घेतलीत तर काचेवर पातळीची खूण करा आणि उडालेलं पाणी रोज गोड्या पाण्याने भरून काढा. इथे खारं पाणी ओतलं तर मीठ साठतच जाईल.

पाणी आरओचं घ्यावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना घातक आणि त्यातली नायट्रेट, फॉस्फेट शेवाळाचं खत. खायचं मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के भरतात, उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असतं, आणि प्रवाळाला तर सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतंच. मत्स्यालयासाठी मिळणारं तयार मीठ वेगळ्या बादलीत पंप लावून विरघळवा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०२५ च्या आसपास आलं की टाकीत ओता. पाण्याचं तापमान २५ ते २६ अंश ठेवा. प्रवाहासाठी पंप हवाच, कारण त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी ऑक्सिजन मावतो.

एवढं झालं की टाकी देखणी दिसते आणि मासे आणायचा मोह होतो. तो आवरा, कारण तिथे अजून कुणी सफाई करणारं नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच फार विषारी. पीएच एका अंकाने वाढला की या विषारी रूपाचं प्रमाण सुमारे दहापट होतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो, त्यामुळे उदासीन गोड्या पाण्यात खपून जाणारा अमोनिया इथे जीव घेतो. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइट खाऱ्या पाण्यात तुलनेने सौम्य ठरतं, कारण भरपूर क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

हे जिवाणू सावकाश वाढतात आणि काचेवर, वाळूवर, विशेषतः सच्छिद्र खडकांवर वस्ती करतात. मासे नसताना त्यांना खायला चिमूटभर माशांचं खाद्य किंवा मोजून अमोनिया द्यायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी चाचणी संचाने पाणी तपासायचं. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, आणि दोन्ही शून्यावर आले की पाया तयार झाला. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. मधेच वाळूवर तपकिरी थर येतो. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ; पाण्यातली सिलिका संपली की बहुधा आपोआप ओसरतात. त्यांना घाबरून टाकी रिकामी करून धुणं म्हणजे महिनाभराची कमाई नाल्यात ओतणं. साठलेलं नायट्रेट मात्र जागच्या जागी फारसं संपत नाही, त्यासाठी आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावं.

मग मासे. बंदिस्त पैदाशीतली क्लाउनफिशची जोडी सुरुवातीला उत्तम. तयार खाद्य तिच्या ओळखीचं असतं. दोन्ही पिल्लं नरच असतील का, ही चिंता नको: सगळी नर होऊ शकतात, आणि जोडीतली मोठी पुढे मादी होते. क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याला राहते ते समुद्रफूल (सी ॲनिमोन) मात्र पहिल्या वर्षी आणू नये. त्याला तीव्र प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते, शिवाय जागा न आवडल्यास ते सरकत जाऊन पंपात अडकतं. निळ्या टँग माशाचाही हट्ट नको; तो ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. एका वेळी एकदोनच मासे सोडा, जिवाणूंना नव्या ओझ्याइतकं वाढायला वेळ द्या.

नवा मासा आधी काही आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवावा. परजीवींवरची बरीच औषधं तांब्याची असतात, आणि मुख्य टाकीत घातलेलं तांबं कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळ्यांना मारतं. खडक ते शोषून घेतात आणि पुढे थोडं थोडं परत सोडतात, म्हणून औषध द्यायचं ते त्या वेगळ्या टाकीतच.