गाढवाच्या अंगावरची गाठ : सारकॉइडच्या निदानामागचा इतिहास

गाढवाच्या मांडीच्या आत, मानेवर किंवा डोळ्याच्या कडेला एखादी गाठ उठते. दुखत नाही, म्हणून सुरुवातीला कोणी मनावर घेत नाही. ओझं घासलं असेल, माश्या बसल्या असतील, चामखीळ असेल, असं म्हणत महिने जातात. जनावर पशुवैद्यापर्यंत पोचतं तेव्हा गाठ चांगलीच वाढलेली असते, आणि मग पेच पशुवैद्यापुढे येतो. माणसाच्या अंगावर अशी संशयास्पद गाठ दिसली तर डॉक्टर आधी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. इथे मात्र तो तुकडा काढणंच अंगलट येऊ शकतं. घोडा, गाढव, खेचर यांच्या त्वचेवर सर्वांत जास्त आढळणारी गाठ म्हणजे सारकॉइड. वर्षानुवर्षं स्वस्थ असलेली सारकॉइडची गाठ सुई टोचल्यावर किंवा अर्धवट कापल्यावर काही वेळा झपाट्याने वाढू लागते. रोगापेक्षा इलाज भयंकर असं आपण म्हणतो. या रोगात तपासणीचंही तसं होऊ शकतं. आज हे निदान ज्या पद्धतीने होतं ती अशी का झाली, हे समजायचं तर थोडं मागे जायला हवं.

सुरुवात आपल्याकडच्याच एका रोगापासून करता येते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या घोड्यांना हिंदुस्थानात पावसाळा लागला की पायांवर, ओठांवर, पोटाखाली चिघळणाऱ्या जखमा होत. या दुखण्याला ‘बरसाती’ म्हणत. जखमेतून पिवळसर, खड्यासारखे टणक कण निघत, त्यांना फौजेतले पशुवैद्य ‘कंकर’ म्हणू लागले. दिसायला हे सगळं इतकं भयंकर असे की काहींना तो कर्करोगच वाटे. फौजेतले पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी १८८४ साली यामागे बुरशी असल्याचं मांडलं. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं ते त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये. त्या काळातल्या पशुवैद्याजवळ डोळे, बोटं आणि फार तर एक सूक्ष्मदर्शक असे. पुढे कळलं की ‘बरसाती’ या एका नावाखाली निदान दोन वेगळे रोग नांदत होते. एकात माश्यांनी जखमेत आणून सोडलेल्या हॅब्रोनेमा जंतांच्या अळ्या असतात. दुसऱ्यात साचलेल्या पाण्यात वाढणारा, बुरशीसारखा दिसणारा एक जीव असतो. त्याचं ‘पायथियम इन्सिडिओसम’ हे नाव तर १९८७ मध्ये पक्कं झालं. सारकॉइडशी या दोघांची गल्लत आजही होते. म्हणून अश्ववर्गीय जनावरांच्या कर्करोगाचा इतिहास सांगताना कर्करोग नसलेल्या या जखमांना वगळून चालत नाही, असं मला वाटतं. निदानातल्या चुका बहुतेक वेळा इथेच होतात.

सारकॉइडला स्वतंत्र ओळख मिळाली १९३६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत. प्रिटोरियाजवळच्या ऑन्डरस्टेपोर्ट इथे पशुरोगांवरची प्रसिद्ध संशोधनसंस्था आहे, आर्नोल्ड थायलर यांनी १९०८ मध्ये उभी केलेली. तिथल्या जॅक्सन यांनी त्या देशातल्या पाळीव जनावरांच्या गाठींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. घोडा आणि गाढवांच्या त्वचेवरच्या काही गाठी त्यांना कुठल्याच ठरलेल्या कप्प्यात बसवता येईनात. चामखीळ म्हणावं तर खाली तंतुपेशींचा मोठा गोळा. सार्कोमा, म्हणजे मांसल-तंतुमय भागातला कर्करोग म्हणावा तर वरची त्वचाही जाड होऊन आत मुळं सोडल्यासारखी उतरलेली. शिवाय ही गाठ आजूबाजूचं मांस पोखरत जाते, कापली तरी पुन्हा येते, पण फुप्फुसात किंवा यकृतात पसरत नाही. ‘सार्कोमासारखी’ या अर्थाचं सारकॉइड हे नाव जॅक्सन यांनी दिलं ते या सगळ्यामुळे. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या तळाशी तंतुपेशी कुंपणाच्या खांबांसारख्या उभ्या रांगेत दिसतात, ही खूण विकृतिशास्त्रज्ञ आजही शोधतात. नमुना वरवरचा असेल, किंवा चिघळलेल्या भागातूनच घेतलेला असेल, तर मात्र ती सापडत नाही आणि अहवालात ‘जखमेवरचं वाढलेलं मांस’ एवढंच लिहून येतं.

कारणाचा शोध लागला तो गायींच्या चामखिळींमुळे. अमेरिकेत कार्ल ओल्सन आणि कुक यांनी १९५१ मध्ये गायीच्या चामखिळींचा अर्क घोड्यांच्या त्वचेत टोचला, आणि तिथे सारकॉइडसारख्याच गाठी उठल्या. एका जातीच्या जनावराचा विषाणू दुसऱ्या जातीत गाठ निर्माण करतो, हे तेव्हा मोठंच आश्चर्य होतं. पण एक गोष्ट जुळत नव्हती. टोचून आणलेल्या गाठी काही काळाने आपोआप विरत, खऱ्या सारकॉइड सहसा विरत नाहीत. १९६६ मध्ये एका कळपातल्या घोड्यांमध्ये सारकॉइडची साथच दिसल्याची नोंद झाली आणि संसर्गाचा संशय बळावला. तरी गाठीत विषाणूचे कण काही सापडेनात.

हा गुंता १९७७ मध्ये सुटला. लँकेस्टर, ओल्सन आणि माइंके यांनी नैसर्गिकरीत्या झालेल्या सारकॉइडमध्ये गायीच्या चामखिळींमागच्या पॅपिलोमा विषाणूचा (इंग्रजी आद्याक्षरांवरून बीपीव्ही) डीएनए दाखवला. विषाणू पेशीत होता, पण स्वतःचे पूर्ण कण तयार करून बाहेर पडत नव्हता. १९८० मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की हा डीएनए यजमान पेशीच्या गुणसूत्रांत न मिसळता वेगळाच राहतो. आज बीपीव्ही-१ आणि बीपीव्ही-२ हे दोन प्रकार मुख्य धरले जातात. या विषाणूचं ई-५ नावाचं प्रथिन केवळ ४४ अमिनो आम्लांचं आहे. ते पेशीच्या आवरणातल्या वाढीचा संदेश घेणाऱ्या एका ग्राहक-प्रथिनाला (रिसेप्टरला) सतत चालू ठेवतं, आणि तंतुपेशी वाढतच राहतात.

याच विषाणूचा माणसांना झालेला उपयोगही सांगायला हवा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस ज्या तंत्रावर उभी आहे, म्हणजे विषाणूचं नुसतं रिकामं कवच प्रयोगशाळेत बनवणं, त्याच्या पायाभूत प्रयोगांपैकी एक १९९२ मध्ये किर्नबाउअर, लोवी, शिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीपीव्ही-१ वरच केला होता. गायीच्या चामखिळीवरचं हे काम मुलींच्या लसीपर्यंत पोचलं. घोड्यांसाठी तशाच लसीचे प्रयोग पुढे झाले, पण गाढवांच्या मालकांच्या हाती अजून काही आलेलं नाही.

गाढवांचा स्वतंत्र अभ्यास मात्र फार उशिरा झाला. कष्ट करणाऱ्या या जनावराच्या वाट्याला विज्ञानातही उपेक्षाच आली, असं म्हणावंसं वाटतं. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या सिडमाउथजवळ एलिझाबेथ स्वेंडसन यांनी १९६९ मध्ये ‘डाँकी सँक्च्युअरी’ सुरू केली. टाकून दिलेल्या, म्हाताऱ्या, आजारी गाढवांचा तो आसरा. तिथे प्रत्येक जनावराची वर्षानुवर्षांची नोंद होती. त्या नोंदींवरून स्टुअर्ट रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सारकॉइडचा अभ्यास मांडला. कमी वयाच्या नरांना धोका जास्त, हे त्यातून पुढे आलं. एका कळपाची इतकी सलग माहिती घोड्यांच्या बाबतीतही क्वचितच मिळते.

रोग कसा पसरतो याचे धागे अजून जुळताहेत. माश्यांच्या अंगावर बीपीव्ही-१ चा डीएनए मिळाल्याचं २००९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी दाखवलं. गाठी पातळ कातडीच्या जागी, घामाच्या जागी, जुन्या जखमांवर जास्त येतात, ते माश्यांच्या सवयींशी जुळतं. पण विषाणू अंगावर असलेल्या प्रत्येक जनावराला गाठ होत नाही. याचं उत्तर काही अंशी आनुवंशिकतेत आहे, आणि झेब्र्यांनी ते फार कठोरपणे दाखवून दिलं. दक्षिण आफ्रिकेतले केप पर्वती झेब्रे १९५० च्या दशकात शंभराच्याही खाली आले होते. संरक्षणामुळे ते वाचले, पण उरलेले सगळे जवळच्या नात्यातले. १९९० च्या दशकात बोंटेबॉक राष्ट्रीय उद्यान आणि गारिप अभयारण्य या दोन ठिकाणी त्यांच्यात सारकॉइड पसरले. बोंटेबॉकमध्ये तर निम्म्याच्या आसपास झेब्र्यांना गाठी होत्या.

या सगळ्या ज्ञानानंतरही प्रत्यक्ष निदान कसं करायचं, हा प्रश्न राहिलाच. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठात डेरेक नॉटनबेल्ट यांनी हजारो गाठी पाहून त्यांचे सहा प्रकार लावले. मला त्यांचं हे काम प्रयोगशाळेतल्या शोधांइतकंच मोलाचं वाटतं, कारण ते गोठ्यात उभ्या असलेल्या पशुवैद्याच्या उपयोगी पडतं. पहिला, छुपा प्रकार सर्वांत फसवा असतो. केस गेलेला एक गोलसर चट्टा, कातडी जराशी खरखरीत, बोट फिरवलं तर बाजरीएवढे दोनतीन कण हाताला लागतात. त्याला गजकर्ण समजून महिनोन्‌महिने मलम लावलं जातं. दुसरा चामखिळीसारखा, खडबडीत आणि कोरडा. तिसरा कातडीखालच्या गोळ्यांचा. यात कातडी गोळ्यावरून सरकते की चिकटलेली आहे, हे चिमटीत धरून पाहायचं असतं. चौथा उघड्या, लाल, रक्ताळलेल्या मांसाचा, पायाच्या जखमेवर हमखास फसवणारा. मिश्र हा पाचवा, आणि लसिकावाहिन्यांच्या मार्गाने गाठींची माळ करत जाणारा, विरळा पण घातक असा सहावा. पहिल्या तिघांचं चौथ्यात रूपांतर व्हायला एक ओरखडा पुरतो. म्हणूनच काढायचीच असेल तर पूर्ण गाठ भोवतालच्या निरोगी कातडीसकट काढा आणि तीच तपासायला पाठवा, नाहीतर हात लावू नका, असा दंडक पडला.

सुरीविना निदानाचा एक मार्ग बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात दिसला. आन मार्टेन्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की गाठीच्या पृष्ठभागावरून नुसता कापसाचा बोळा फिरवून किंवा हलकं खरवडून घेतलेल्या नमुन्यातही पीसीआर चाचणीने विषाणूचा डीएनए सापडतो. पण डीएनए मिळाला म्हणजे सारकॉइड ठरलाच असं नाही. निरोगी कातडीवर आणि साध्या जखमेतही तो कधीकधी मिळतो.

मग नुसत्या नजरेवर किती विसंबायचं? २०१८ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी याचीच परीक्षा घेतली. प्रयोगशाळेत निदान पक्कं झालेल्या गाठींचे फोटो आणि इतिहास पशुवैद्यांपुढे ठेवून त्यांना ओळखायला सांगितलं. दहापैकी साधारण आठ वेळा उत्तर बरोबर आलं. ज्या गाठी नेहमीच्या रूपात होत्या त्या सहज ओळखल्या गेल्या, एकट्यादुकट्या आणि वेगळ्या जागच्या गाठींनी फसवलं. त्यावरूनच पायरीपायरीने प्रश्न विचारत जाणारा एक तपासणी-नमुना तयार झाला.

सारकॉइडखेरीज दोन कर्करोग इथे डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. पांढऱ्या होत जाणाऱ्या घोड्यांच्या शेपटीखाली येणारा काळा मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, एसटीएक्स-१७ जनुकातल्या बदलाशी जोडलेला आहे, हे २००८ मध्ये कळलं. गाढवांत तो क्वचित दिसतो. दुसरा स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग. तो फिकट कातडीवर, डोळ्याच्या कडेला आणि जननेंद्रियावर येतो, उन्हाशी त्याचा संबंध आहे, आणि सारकॉइडच्या उलट तो दूरवर पसरू शकतो. त्यामुळे त्याचा संशय आला तर तुकडा काढायला कचरायचं नसतं.

आपल्याकडे २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ मध्ये ती १ लाख २० हजारांवर आली. जी उरली त्यांतली बरीच वीटभट्ट्यांवर आणि वाळूच्या, मातीच्या कामावर आहेत. तिथे घासून झालेल्या जखमा आणि माश्या या दोन्ही गोष्टी रोजच्याच, आणि गाठ असो की जखम, त्यावर जळकं तेल किंवा चुना लावायची सवय जुनी. मढी किंवा जेजुरीच्या बाजारात गाढव विकत घेताना दात आणि पाय बघतात, तेव्हाच मांडीच्या आत, कानाच्या मुळाशी आणि डोळ्यांच्या कडेला हात फिरवून बघितला, आणि गाठ लागली तर तिला न डागता, न बांधता पशुवैद्याला दाखवलं, तर पशुवैद्याच्या हाती ती अजून न डिवचलेली असताना येईल.