वापरलेली १२ बोअर बंदूक घेताना: परवाना, ४५ दिवसांची सूचना आणि तपासणी

वापरलेली बंदूक घ्यायची म्हटली की माणूस आधी नळी आणि दस्ता बघायला धावतो. आधी परवाना बघा. बंदुकीतला दोष दुरुस्त होतो, कागदातली चूक थेट गुन्ह्यात मोजली जाते.

सगळ्यात मोठी गफलत सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनबाबत होते. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत सेमी-ऑटोमॅटिक बंदुका श्रेणी १(बी) मध्ये आहेत. २० इंचांपेक्षा आखूड नळीची छऱ्याची बंदूकही त्याच श्रेणीत येते. या श्रेणीचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतला. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांनी दिलेल्या नेहमीच्या परवान्यावर एकनळी, दुनळी किंवा पंप-अ‍ॅक्शन घेता येते, सेमी-ऑटो नाही. बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) १२ असला म्हणून काहीही बदलत नाही. विकणारे पंप आणि सेमी-ऑटो दोन्हींना सरसकट ‘रिपीटर’ म्हणतात, म्हणून नावावर न जाता यंत्रणा पाहा. बार उडाल्यावर पुढची पकड हाताने मागे-पुढे केल्यावरच नवे काडतूस चढत असेल तर ती पंप. आपोआप चढत असेल तर ती सेमी-ऑटो, आणि परवाना श्रेणी १ चा नसेल तर बोलणी तिथेच थांबवा.

पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. वय २१ पूर्ण हवे. शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि त्यात पिस्तूल-रिव्हॉल्वरही धरतात. दोन आधीच असतील तर एक कमी केल्याशिवाय तिसरी नाही. परवाना नसेल तर फॉर्म ए-१ मध्ये अर्ज करावा लागतो. सोबत ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे, छायाचित्रे, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. परवाना हातात असेल तर तीन गोष्टी तपासा: युआयएन (परवान्याचा एकमेव ओळख क्रमांक) आहे का, शस्त्राचा प्रकार कोणता लिहिला आहे, आणि खरेदीची मुदत उलटली तर नाही ना. मुदत संपलेल्या परवान्यावर केलेला सौदा नोंदणीच्या टेबलावर अडतो.

विकणारा खासगी परवानाधारक असेल तर शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ५ लागू होते. कोणती बंदूक, कोणाला, त्याचे नाव आणि पत्ता काय, हे विक्रेत्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचे. त्यानंतर किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय बंदूक हस्तांतरित करता येत नाही. अर्ज आवक शाखेत देऊन शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या, नाहीतर ४५ दिवस कधीपासून मोजायचे हेच सिद्ध करता येत नाही. ‘पैसे दिलेत ना, मग घेऊन जा, कागद मागाहून करू’ असे सुचवणाऱ्याला ठाम नाही म्हणा. ही सूचना न देता किंवा ४५ दिवस उलटण्याआधी केलेल्या विक्रीला कलम २५(३) प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चार दिवस वापरून बघायला म्हणून घरी नेणे हाही ताबाच. बघायची ती विक्रेत्याच्या समोर, त्याच्या जागी.

विक्रेता मृत परवानाधारकाचा वारस असेल आणि त्याच्या स्वतःच्या नावावर परवाना नसेल, तर त्याच्याकडून थेट घेऊ नका. ती बंदूक कलम २१ प्रमाणे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा असायला हवी. ती कुठे जमा आहे ते विचारा आणि जमा पावती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता बंदूक. ती रिकामी आहे हे आधी स्वतः बघा. पंप आणि सेमी-ऑटोमध्ये चेंबरबरोबर (काडतूस उडते तो कप्पा) मॅगझिन नळीतही (पुढची काडतुसे साठवणारी नळी) बोट घालून खात्री करा. मग नंबर. बंदुकीवरचा नंबर विक्रेत्याच्या परवान्यावरच्या नंबराशी अंकन्‌अंक जुळला पाहिजे. चांगल्या दुनळीवर तो बहुधा नळ्यांच्या बुडाच्या सपाट भागावर, अ‍ॅक्शनवर (नळ्या ज्यात बसतात त्या यंत्रणेवर) आणि पुढच्या लाकडी पकडीच्या लोखंडावर असतो. एका जागी वेगळा निघाला तर नळ्या बदललेल्या असू शकतात. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर कितीही स्वस्त मिळो, सोडा. कलम ८ नुसार अशी बंदूक विकणेच बेकायदा आहे.

नळी उजेडाकडे धरून आतून बघा. आत काळसर कड्यासारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. बाहेरून त्याच जागी बोट फिरवले की उंचवटा लागतो. चेंबरची लांबी मोजून घ्या. जुन्या इंग्रजी दुनळ्यांचे चेंबर बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिमी असते. त्यात ७० मिमीचे काडतूस सहज बसते आणि धोका नेमका तिथेच आहे: बार उडताना टोक पुरते उघडायला जागा उरत नाही, मध्येच आवळते आणि दाब वाढतो. दुनळीची पुढची लाकडी पकड काढून दस्ता धरून हलवा. नळ्या अ‍ॅक्शनमध्ये खुळखुळल्या तर बिजागर झिजले आहे. सुरक्षेचा खटका (सेफ्टी) लावून चाप ओढा, सोडा, मग खटका काढा. त्या क्षणी घोडा पडला तर बंदूक वापरायची नाही. हे सगळे डमी काडतुसावर करा.

श्रेणी १ चा परवाना असलेल्यांनी सेमी-ऑटोत गॅसची भोके, पिस्टन आणि त्याचे सील बघावे. काजळीने भोके आवळली की हलकी काडतुसे पुढची फेरी चढवत नाहीत. दस्त्यातली परतीची स्प्रिंग गंजलेली असेल तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) पुरता मिटत नाही. रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात मागे-पुढे सरकतो त्या खोक्याच्या) मागच्या भिंतीवर ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर आतला बफर (धक्का झेलणारा तुकडा) कधीचाच फुटला आहे.

हस्तांतर झाल्यावर कारखान्याचे नाव, प्रकार, बोअर आणि नंबर तुमच्या परवान्यावर चढवून घ्या आणि त्याच वेळी विक्रेत्याच्या परवान्यावरून शस्त्र कमी झाल्याची नोंद डोळ्यांनी बघा. त्या नोंदीची छायाप्रत विक्री-संमतीपत्र आणि ४५ दिवसांच्या सूचनेच्या पोचेसोबत एकाच फाइलीत ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी बंदूक कुठून आली हे विचारले की हीच फाइल पुढे करायची.