तलाव गोठलेला, मेपल रुसलेला

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँट राज्यातल्या वेस्ट डॅनव्हिल गावाजवळ जोज पाँड नावाचा तलाव आहे. हिवाळ्यात तो गोठला की लोक बर्फावर काँक्रीटचा ठोकळा ठेवतात, त्याची दोरी काठावरच्या विजेच्या घड्याळाला जोडतात आणि पैजा लावतात. बर्फ फुटून ठोकळा बुडाला की घड्याळाचा प्लग निघतो आणि ती वेळ पक्की होते. १९८८ पासून हा उद्योग सुरू आहे. निकाल सहसा एप्रिलच्या उत्तरार्धात लागतो.

या भागात मेपल झाडाच्या खोडातला रस आटवून सिरप, म्हणजे गोड पाक, करतात. त्या उत्पादकांना एवढं थांबून चालत नाही. मार्चच्या पहिल्या मंगळवारी, म्हणजे गावसभेच्या सुमारास, खोडांना भोकं पाडून रसासाठी नळ्या बसवायच्या हा जुना रिवाज. पण एखाद्या वर्षी थंडी हलायचं नावच घेत नाही. मार्च निम्मा सरला तरी भर दुपारी पारा शून्याखाली, आणि नळ्या कोरड्या ठणठणीत.

रस अडतो तो का? एरवी झाड पाणी वर ओढतं ते पानांतून बाष्प उडत असल्यामुळे. पण मार्चमध्ये मेपलवर पानच नसतं. तेव्हा लाकडातली एक वेगळीच यंत्रणा चालते. शुगर मेपलच्या जलवाहिन्यांत रस असतो, पण त्यांच्या शेजारच्या तंतूंमध्ये चक्क हवा कोंडलेली असते. रात्री गोठण लागली की तंतूंच्या आत बर्फ धरतो, रस तिकडे ओढला जातो, हवा दाबली जाते आणि मुळांकडून नवं पाणी वर येतं. सकाळी ऊन पडलं की बर्फ वितळतो, दबलेली हवा फुगते आणि रसाला बाहेर रेटते. साखरेमुळे निर्माण होणारा परासरणाचा दाबही मदतीला असतो. थोडक्यात, रात्री उणे चार-पाच अंश आणि दिवसा शून्याच्या वर चार-पाच, असा झोका लागतो. नुसती थंडी पडली तर सगळं गोठून बसतं. नुसती ऊब आली तरी रस थोडा वाहून थांबतो.

आपली नीरा पानांतली साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिनीतून येते आणि तिच्यात साखर दहा टक्क्यांच्या आसपास असते. मेपलचा रस जलवाहिनीतला, त्यात साखर जेमतेम दोन टक्के. चाखला तर पाणीच वाटावं. म्हणून एक लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. ही साखर आदल्या उन्हाळ्यात पानांनी कमावलेली. ती पिष्टाच्या रूपात लाकडात साठते आणि थंडीत तिचं पुन्हा सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, होतं.

त्यामुळे हंगाम उशिरा सुरू झाला म्हणून हळहळण्याचं कारण मला दिसत नाही. झाडातली साखर कुठे पळून जात नाही. खरी भीती हंगामाच्या शेवटाची. कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते. उबेत जीवाणू वाढतात, सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात, त्यातून सिरप गडद होतं. भोकंही हळूहळू बंद पडतात. २०१२ च्या मार्चमध्ये पूर्व अमेरिकेत अवेळी उन्हाळा अवतरला आणि देशाचं मेपल उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने घसरलं. लांबलेल्या हिवाळ्यानंतर एप्रिल सावकाश तापला तर वर्ष साधतं. एकदम तापला, तर हंगाम दोन्हीकडून चेपला जातो.

तलावाकडे बघून मेपलच्या हंगामाचा अंदाज बांधता येत नाही. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापलं असतं. तलाव आठवड्यांची ऊब जमा करत बसतो, झाड काही तासांत दाद देतं. दीर्घकालीन कल पाहायला मात्र तलाव उत्तम. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तलावाच्या नोंदी १८८७ पासूनच्या आहेत. १८८८ मध्ये तिथला बर्फ १२ मेपर्यंत टिकला होता. २०२४ मध्ये तो १७ मार्चलाच गेला. एखादा चिवट हिवाळा हा कल पुसून टाकत नाही.

उत्पादकाची पंचाईत भोक कधी पाडायचं ही असते. पाडलेलं भोक साधारण सहा ते आठ आठवडे नीट चालतं. लवकर पाडलं आणि थंडी रेंगाळली, तर त्यातले निम्मे दिवस गोठण्यातच जातात. उशीर केला, तर पहिला, फिकट सोनेरी सिरप देणारा रस हुकतो. नळ्यांना व्हॅक्यूम पंप जोडले की जेमतेम ऊब असलेल्या दिवशीही थोडाफार रस ओढता येतो. लाकूडच गोठलेलं असेल तर पंपाचाही इलाज चालत नाही.