पिल्लांचं फॉस्टरिंग

रस्त्यावर सापडलेलं किंवा शेल्टरमध्ये आलेलं कुत्र्याचं नाहीतर मांजराचं पिल्लू, त्याला कायमचं घर मिळेपर्यंत काही आठवडे आपल्याकडे सांभाळायचं, याला फॉस्टरिंग म्हणतात. जबाबदारी संस्थेची किंवा रेस्क्यू करणाऱ्याचीच राहते, लसी-औषधांचा खर्चही शक्यतो तेच बघतात, फॉस्टर करणाऱ्याने जागा, वेळ आणि रात्रीची झोप द्यायची. मुंबई-पुण्यात बराचसा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवरच चालतो आणि तिथे डॉक्टरचं बिल कोण भरणार हे आधीच विचारून घेतलेलं बरं, नंतर वाद होतात.

शेल्टर असताना घर कशाला, असं लोक विचारतात. तर लहान पिल्लासाठी शेल्टर ही सगळ्यात धोक्याची जागा, कारण तिथे रोज नवीन आजारी जनावरं येतात आणि आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते पण लसींचा कोर्स पूर्ण झालेला नसतो, नेमकं त्याच काळात कुत्र्यांमध्ये पार्वो, डिस्टेंपर, मांजरांमध्ये पॅनल्युकोपेनिया असे विषाणूंचे जीवघेणे आजार गाठतात. रस्त्यावरही काही बरं नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात भटक्या कुत्र्यांची जेमतेम १९ टक्के पिल्लं वयात येईपर्यंत जगली, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसांमुळे गेली.

कुत्र्यांचा सीझन आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, भाद्रपद. गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीच्या तोंडावर पिल्लांचे ढीग येतात आणि फॉस्टर शोधणाऱ्यांचे मेसेज सुरू होतात. मांजरांचं तसं एक ठरलेलं नसतं, त्यांची पिल्लं वर्षभर कधीही येतात. पण मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं जे म्हणतात ते लक्षात ठेवायला पाहिजे, कारण जिन्याखाली एकटं दिसलेलं पिल्लू बरेचदा अनाथ नसतंच, आई जागा बदलत असते नाहीतर खायला गेलेली असते. पिल्लू गरम, पोट भरलेलं आणि शांत असेल तर लांबून काही तास वाट बघायची. लोक उत्साहात उचलून आणतात आणि चांगली आई असलेलं पिल्लू बाटलीवर येतं!

बाटलीवरचं पिल्लू हे फॉस्टरिंगमधलं सगळ्यात कठीण काम. जन्मतः मांजराचं पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, डोळे आठवड्या-दोन आठवड्यांत उघडतात, तोवर दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीसुद्धा. गाईचं दूध द्यायचं नाही, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जीवाला तेवढं पुरतं, पिल्लांची मिल्क पावडर मिळते तीच आणायची. आधी अंग गरम करायचं, टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची म्हणजे जास्त झालं तर ते सरकू शकतं, आणि मगच दूध, कारण गार पडलेल्या पिल्लाला ते पचत नाही. पाजताना बाळासारखं उताणं धरायचं नाही, पोटावर ठेवायचं, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने खालून हळूहळू पुसायचं तेव्हा शी-शू होते, एरवी हे काम आई चाटून करते. किचनच्या वजनकाट्यावर रोज वजन, १०-१५ ग्रॅम वाढलं पाहिजे, घटलं तर सरळ डॉक्टर.

चार आठवड्यांनंतर मऊ खाणं सुरू होतं आणि मग खरी मजा, पण घरात आपलं कुत्रं-मांजर असेल तर नवीन पिल्लू निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत (वन बीएचकेमध्ये बाथरूममध्ये, दुसरं काय). पार्वोचा विषाणू फरशीवर, चपलांवर महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाइलचा भरवसा नाही, ब्लीच लागतं. आणि पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज नसतो असं अजिबात नाही, दात लागला किंवा ओरखडा आला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि इंजेक्शन घ्यायला जायचं. नेहमी फॉस्टर करणारे आधीच लस घेऊन ठेवतात.

फॉस्टरिंगच्या या काळात पिल्लाला माणसाची, मिक्सरच्या, बेलच्या आवाजाची सवय लागते, कुत्र्यासाठी तीन ते बारा-चौदा आठवडे आणि मांजरासाठी दोन ते सात आठवडे हेच ते वय. ॲडॉप्शन साधारण दोन महिन्यांनंतर, फॉर्म भरून, घर बघून आणि नसबंदी करणार असं लिहून घेऊन होतं. नर पिल्लं पटकन जातात, मादी मागे राहतात, 'नर आहे का' हाच पहिला प्रश्न असतो, वैताग येतो. पाठवायच्या वेळी जीव अडकला आणि स्वतःच ठेवून घेतलं तर त्याला 'फॉस्टर फेल' म्हणतात, कौतुकानेच, पण त्यामुळे पुढच्या पिल्लाची जागा अडते म्हणून संस्थावाले फार खूश नसतात.